निर्विष झालेले विष : परळ ते हडपसर

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरी हे गाव आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला हा मुलूख १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. या गावी आज जन्मणाऱ्या बालकास दीड महिना पूर्ण होताच सरकारी लसीकरणात ज्या लसी टोचल्या जातात, त्यांपैकी दोहोंची घडण इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे. पंचगुणी लशीत हिमोफिलस इन्फ्लुएन्झी 'बी' या जीवाणूची शर्करा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला जोडलेली असते. न्यूमोकॉकस या जीवाणूवरील लशीत अशाच शर्करा घटसर्पाच्या विषाच्या एका निरुपद्रवी रूपाला जोडलेल्या असतात. या जोडणीचा हेतू धनुर्वात किंवा घटसर्प यांपासून संरक्षण देणे हा नव्हे. येथे विष हे वाहन आहे. त्यावर बसून दुसराच पदार्थ शरीराच्या ओळखीच्या कक्षेत प्रवेश करतो. ज्या विषाचा नॅनोग्रॅमात मोजावा इतका अंश माणसाचा प्राण घेतो, त्याच विषावर तान्ह्या मुलांच्या बाबतीत एवढा भरवसा कसा बसला, आणि तो बसावयास किती काळ लागला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या इतिहासातील दोन महत्त्वाची स्थळे महाराष्ट्रात आहेत : एक मुंबईतील परळ, दुसरे पुण्यातील हडपसर.

प्रथम शब्दांचा विचार करणे उपयुक्त होईल. 'टॉक्सिन' या शब्दाच्या मुळाशी 'टॉक्सोन' हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ धनुष्य असा आहे. बाणाच्या टोकाला लावावयाच्या विषाला ग्रीकांनी त्यावरून 'टॉक्सिकॉन' म्हटले आणि पुढे धनुष्य गळून विष तेवढे अर्थात उरले. आपल्याकडे 'धनुर्वात' या शब्दातही धनुष्यच आहे. परंतु येथे रोग्याचे शरीर स्नायूंच्या आकडीने धनुष्यासारखे वाकते म्हणून ते नाव पडले. एकीकडे धनुष्यातून सुटणारे विष, तर दुसरीकडे विषाने धनुष्य झालेला देह! साम्य चित्तवेधक असले तरी ते केवळ योगायोगाचे आहे आणि त्यावरून कोणताही संबंध सिद्ध होत नाही. याहून महत्त्वाचा शब्द 'टॉक्सॉइड' हा होय. तो पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ च्या सुमारास प्रचारात आणला. त्यातील शेवटचा अंश ग्रीक 'एइडोस', म्हणजे रूप, या शब्दापासून आलेला आहे. मराठीतील 'विषाभ' हा प्रतिशब्द त्या घडणीशी चांगला जुळतो : विषाची आभा असलेले, पण विष नसलेले. जुने झालेले घटसर्पाचे विष मारण्याची शक्ती गमावते, परंतु प्रतिविषाशी बद्ध होण्याची शक्ती गमावत नाही, असे एर्लिखला आढळले होते. त्यावरून विषाच्या रेणूत धरणारा भाग वेगळा आणि मारणारा भाग वेगळा असावा, असा तर्क त्याने केला. हा तर्क पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे. शब्द आधी आला. तसा पदार्थ माणसाला निर्धास्तपणे टोचता येण्यास आणखी पाव शतक जावे लागले.

त्या पाव शतकातच परळच्या प्रयोगशाळेवर धनुर्वाताचे संकट आले. ओडेसा येथे जन्मलेला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला वाल्डेमार हाफकिन १८९३ मध्ये पटकीच्या लशीच्या प्रयोगासाठी हिंदुस्थानात आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्भव होताच त्याला तेथे पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्याने प्लेगच्या मारलेल्या जंतूंची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. मागणी वाढत होती, आणि उत्पादन जलद व्हावे म्हणून लशीत कार्बोलिक आम्ल घालण्याऐवजी केवळ उष्णतेने जंतुनाश करण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. ही पद्धत पाश्चर संस्थेत रूढ होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी, जे आज पाकिस्तानात आहे, परळहून आलेल्या पाच बाटल्यांतून १०७ माणसांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी '५३ एन' या खुणेच्या एकाच बाटलीतून ज्यांना लस मिळाली होती, अशी १९ माणसे धनुर्वाताने दगावली. चौकशी बसली. दोष परळच्या कार्यपद्धतीत आहे असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिनला संचालकपद गमवावे लागले. वस्तुतः चौकशीच्या कागदपत्रांतच निराळी माहिती होती. बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो योग्य प्रकारे निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. शिवाय बाटली परळला भरताना दूषित झाली असती, तर आठवडे उलटून ती उघडताच दुर्गंधी यावयास हवी होती. तशी ती आल्याचे कोणी नोंदले नव्हते. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी 'टाइम्स' पत्रातून हाफकिनची बाजू मांडली, तेव्हा कोठे त्याच्यावरील ठपका दूर झाला. त्याला कलकत्त्यास काम देण्यात आले. पण परळ त्याला पुन्हा मिळाले नाही. १९२५ मध्ये त्या संस्थेला त्याचे नाव देण्यात आले.

मलकोवाल येथे लशीत जे शिरले ते निर्विष केलेले विष नव्हते. ते जिवंत जंतू आणि त्यांनी निर्माण केलेले खरे विष होते. म्हणून या घटनेला विषाभांच्या इतिहासात स्थान देणे काहींस अप्रस्तुत वाटेल. परंतु 'हे निरुपद्रवी आहे' हे विधान सिद्ध करण्याचा भार कोणावर, आणि तो कोणत्या टप्प्यावर उचलावयाचा, हा प्रश्न भारतातील लसनिर्मितीपुढे प्रथम इतक्या तीव्रतेने उभा राहिला तो येथेच. पुढील काळातील रसायनशास्त्र हे एका अर्थी या प्रश्नाची उत्तरे होत.

पहिले उत्तर फॉर्मॅलिनचे. लंडनला ग्लेनी आणि हॉपकिन्स यांना, तसेच पॅरिसजवळ गास्तों रामों याला, १९२३ च्या सुमारास स्वतंत्रपणे असे दिसले की, फॉर्मॅलिन आणि मंद उष्णता यांच्या योगाने घटसर्पाचे विष निर्विष होते, पण प्रतिपिंड उत्पन्न करण्याचा त्याचा गुण टिकतो. रामोंने या पदार्थाला 'ॲनाटॉक्सिन' हे स्वतःचे नाव दिले. तथापि जगात रूढ झाला तो एर्लिखचाच शब्द. धनुर्वाताच्या विषावरही हाच संस्कार लवकरच यशस्वी झाला. या पद्धतीत एक उणीव मात्र होती. फॉर्मॅलिनचा संस्कार पुरा झाला की नाही हे प्रत्येक खेपेस तपासावे लागे. १९४८ मध्ये जपानात क्योटो आणि शिमाने येथे अपुऱ्या निर्विष झालेल्या घटसर्पाच्या लशीने ऐंशीहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. विष झोपविले होते, मारले नव्हते, असेच म्हणावयास हवे.

वाहनाची कल्पना निराळ्याच दिशेने आली. कार्ल लँडस्टायनरने असे दाखविले होते की, काही लहान रेणू एकटे असता शरीरात प्रतिपिंड उत्पन्न करीत नाहीत. प्रथिनाला जोडताच मात्र करतात. अशा रेणूंना त्याने 'हॅप्टेन' हे नाव दिले. ग्रीक धातूचा अर्थ पकडणे असा आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वाल्ड एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी हाच विचार न्यूमोकॉकसच्या बाह्य कवचातील बहुशर्करेस लावला. ही शर्करा एकटी टोचली असता सशांत प्रतिपिंड होत नसत. घोड्याच्या रक्तद्रवातील प्रथिनाला जोडली असता होत. हे १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. आजच्या संयुग्मी लशीचे संपूर्ण तत्त्व त्यात आहे. तरीही जवळजवळ पन्नास वर्षे ते ग्रंथालयात पडून राहिले. सल्फा औषधे व पेनिसिलिन आल्यावर अशा लशींची निकड कोणास भासेना, हे त्याचे एक कारण. पण घोड्याचे प्रथिन माणसाच्या मुलांना वारंवार टोचता येत नाही, हेही तितकेच खरे कारण होय. तत्त्व सापडले होते; वाहन सापडले नव्हते.

शर्करेच्या लशीची मर्यादा १९७४ मध्ये फिनलंडमध्ये स्पष्ट झाली. हिमोफिलस 'बी'च्या नुसत्या शर्करेची लस मोठ्या मुलांस उपयोगी पडली. दीड वर्षाखालील मुलांस, म्हणजे जेथे रोगाचा खरा मारा असतो तेथे, ती निरुपयोगी ठरली. याचे कारण असे की, बहुशर्करा ही रक्तातील 'बी' पेशींना थेट चेतविते, पण 'टी' पेशींचे साह्य तिला मिळत नाही. आणि तान्ह्या मुलांत हा एकाकी प्रतिसाद फारच दुबळा असतो. शर्करा प्रथिनाला जोडली म्हणजे 'बी' पेशी दोहोंना एकत्रच गिळते, प्रथिनाचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते, आणि ते ओळखणाऱ्या 'टी' पेशी तिच्या मदतीस येतात. प्रतिसाद बळावतो आणि त्याची स्मृतीही राहते. अमेरिकेत जॉन रॉबिन्स व रॅचेल श्नीर्सन यांनी, तसेच पोर्टर अँडरसन व डेव्हिड स्मिथ यांनी, १९८० च्या आगेमागे याच मार्गाने हिमोफिलस 'बी'च्या लशी सिद्ध केल्या. वाहन म्हणून धनुर्वाताचे आणि घटसर्पाचे विषाभ निवडले गेले, ते प्रामुख्याने अशासाठी की, ते कोट्यवधी मुलांना आधीच टोचले जात होते. त्यांच्या निरुपद्रवित्वाची परीक्षा जगाने अर्धशतक घेतली होती.

याच सुमारास निर्विषतेच्या प्रश्नाचे दुसरे, अधिक मूलगामी उत्तरही हाती आले होते. घटसर्पाच्या विषाचे दोन खंड असतात. 'बी' खंड पेशीला धरतो आणि आत जाण्याची वाट करून देतो. 'ए' खंड आत शिरून प्रथिननिर्मिती बंद पाडतो. एर्लिखच्या तर्कातील धरणारा आणि मारणारा भाग येथे अक्षरशः सापडला, असे म्हणण्यास हरकत नाही. हे विष निर्माण करण्याचे जनुक जीवाणूचे स्वतःचे नसून त्यात वसणाऱ्या जीवाणुभक्षी विषाणूचे असते, हे १९५१ पासून ज्ञात होते. हार्वर्ड विद्यापीठात त्सुयोशी उचिदा आणि आल्विन पॅपेनहायमर यांनी १९७१ ते १९७३ च्या दरम्यान त्या विषाणूवर रसायनाचा प्रयोग करून अनेक उत्परिवर्तने मिळविली आणि त्यांतून निघणाऱ्या प्रथिनांना क्रमांक दिले. त्यांतील १९७ क्रमांकाचे प्रथिन पूर्ण लांबीचे होते, पण विषारी नव्हते. १९८४ मध्ये त्याचे कारण उमगले : ५३५ अमिनो आम्लांच्या साखळीत ५२ व्या स्थानी ग्लायसीनऐवजी ग्लुटामिक आम्ल आले होते. एवढ्या एका बदलाने मारणारा खंड पंगू झाला. 'सी.आर.एम. १९७' हे रूक्ष नाव म्हणजे 'आडप्रतिक्रिया देणारा पदार्थ, क्रमांक १९७' एवढेच. कोणत्याही अलंकाराविना ते जगभर चालले. फॉर्मॅलिनने विष झोपवावे लागत असे; हे विष जन्मतःच निर्विष होते. सन २००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सात प्रकारांच्या न्यूमोकॉकस लशीचे वाहन हेच होते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. या प्रथिनास सैलपणे 'विषाचा तुकडा' म्हटले जाते. परंतु तुकडा या नावास खरा पात्र आहे तो धनुर्वाताच्या विषाचा 'सी' खंड, जो १९७७ मध्ये पपईतील विकराने विष छेदून वेगळा करण्यात आला. प्रयोगशाळांत वाहक म्हणून त्याचाही बराच अभ्यास झाला आहे.

आता पुण्याकडे वळावयाचे. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये स्थापन झाली. पूनावाला घराण्याचा घोडेपैदाशीचा व्यवसाय होता, आणि शर्यतींतून निवृत्त झालेली त्यांची घोडी परळच्या हाफकिन संस्थेस प्रतिविषाच्या उत्पादनासाठी जात असत. घोड्यास विषाभ टोचावयाचा आणि त्याच्या रक्तातून प्रतिविष काढावयाचे, हा तो जुना धंदा. हडपसरला आरंभ झाला तोही धनुर्वाताच्या प्रतिविषापासूनच. त्यामागून धनुर्वाताचे विषाभ आणि त्रिगुणी लस आल्या. म्हणजे ज्या पदार्थाला पुढे वाहक म्हणून महत्त्व येणार होते, तो येथे दशकानुदशके मोठ्या प्रमाणावर आणि अल्प खर्चात बनतच होता. नव्या विद्येच्या इतिहासात प्रतिभेची नोंद होते, पण कारखान्यातील जुन्या सवयीची होत नाही. ती व्हावयास हवी.

१९९६-९७ मध्ये आफ्रिकेच्या सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात 'ए' गटाच्या मेनिंगोकॉकसमुळे मस्तिष्कावरणदाहाची भीषण साथ आली. अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे २५,००० मरण पावले. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही संस्था यांनी गेट्स प्रतिष्ठानच्या सात कोटी डॉलरांच्या अनुदानावर एक प्रकल्प उभारला. मार्क लाफोर्स त्याचे प्रमुख होते. आफ्रिकी आरोग्याधिकाऱ्यांचे म्हणणे सरळ होते : मात्रा अर्ध्या डॉलरहून महाग असेल तर ती आमच्या कामाची नाही. मोठ्या पाश्चात्त्य उत्पादकांशी झालेल्या वाटाघाटी या किमतीपाशीच अडल्या. तेव्हा प्रकल्पाने काम तीन ठिकाणी वाटले. 'ए' शर्करा तयार करण्याची विद्या ॲम्स्टरडॅमहून आली. शर्करा व प्रथिन जोडण्याची सुधारित रीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील ली आणि फ्राश यांनी दिली. आणि धनुर्वाताचे विषाभ पुण्यात होतेच. ली-फ्राश पद्धतीत विषाभावर हायड्राझीनचा संस्कार करून त्याला शर्करेशी त्वरेने बद्ध होणारे हात जणू फोडले जातात. त्यामुळे महागडा माल वाया जाण्याचे प्रमाण घटले. किंमत आधी ठरली आणि रसायनशास्त्र तिच्या मागून गेले, हे लसनिर्मितीच्या इतिहासात विरळा घडते.

'मेनॲफ्रिव्हॅक' नावाच्या या लशीची किंमत मात्रेस सुमारे ४० सेंट पडली. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासो येथे तिची मोहीम सुरू झाली. पुढील दहा-अकरा वर्षांत त्या पट्ट्यातील ३० कोटींहून अधिक लोकांस ती मिळाली, आणि २०१७ नंतर तेथे 'ए' गटाचा एकही निश्चित रुग्ण आढळला नाही. २०१२ मध्ये, बर्फाविना ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस ठेवण्याची अनुज्ञा मिळालेली ही पहिली लस ठरली. मालीत पुढे झालेल्या तपासणीत मोहिमेनंतर लोकांतील धनुर्वाताविरुद्धचे प्रतिपिंडही वाढलेले दिसले. वाहन म्हणून नेमलेल्या विषाभाने न सांगता आपले मूळचे कामही केले होते.

स्वदेशी मात्र या विद्येचा लाभ विलंबाने पोचला. हिमोफिलस 'बी' असलेली पंचगुणी लस भारतात डिसेंबर २०११ मध्ये केरळ व तमिळनाडू येथे सुरू होऊन टप्प्याटप्प्याने पसरली. न्यूमोकॉकस लस २०१७ मध्ये हिमाचल प्रदेशासह काही भागांत आली; महाराष्ट्रास तिच्यासाठी २०२१ उजाडावे लागले. म्हणजे अमेरिकेतील मान्यता आणि बोरीसारख्या गावातील पहिली मात्रा यांत एकवीस वर्षे गेली. त्या एकवीस वर्षांत मराठवाड्यात जन्मलेली मुले न्यूमोनियास तोंड देताना पेनिसिलिनवर आणि दवाखान्याच्या अंतरावर अवलंबून होती. विज्ञानाचा येथे काही दोष नव्हता. तेरा प्रकारांच्या परदेशी लशीची किंमत हा अडसर होता. पुण्याच्याच दहा प्रकारांच्या लशीस डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि गरीब देशांसाठी तिची किंमत मात्रेस सुमारे दोन डॉलर ठरली. तिचे वाहन सी.आर.एम. १९७ च आहे. पण ते आता घटसर्पाच्या जीवाणूपासून काढीत नाहीत. त्याचे जनुक स्यूडोमोनस फ्ल्युओरेसेन्स या मातीत राहणाऱ्या जीवाणूत घालून ते मिळविले जाते. घटसर्पाच्या विषाचे हे रूप बनविण्यासाठी घटसर्पाचा जंतूच आता लागत नाही.

एक अडचण मात्र उरते, आणि ती यशातूनच निर्माण झाली आहे. एकच वाहन अनेक लशींत वापरले की शरीर त्या वाहनाविरुद्धच इतके सज्ज होते की, त्यावरील नव्या पदार्थाकडे त्याचे दुर्लक्ष होऊ शकते. दिल्लीचे जी. पी. तलवार यांनी १९७० च्या दशकात गर्भधारणेतील संप्रेरकाचा अंश धनुर्वाताच्या विषाभास जोडून गर्भप्रतिबंधक लशीचे प्रयोग केले. पुढील रूपात त्यांनी ते वाहन सोडून ई. कोलाय या जीवाणूच्या विषाचा निरुपद्रवी 'बी' खंड स्वीकारला. अनेक शर्करा एकत्र आणणाऱ्या लशींत तर वाहनांची वाटणी करणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. मेनिंगोकॉकसच्या पाच गटांवरील पुण्याच्या लशीस जुलै २०२३ मध्ये जागतिक मान्यता मिळाली. तिच्यात 'ए' आणि 'एक्स' या शर्करा धनुर्वाताच्या विषाभावर, तर 'सी', 'डब्ल्यू' आणि 'वाय' या सी.आर.एम. १९७ वर बसविलेल्या आहेत. २०२४ च्या मार्चअखेर नायजेरियात ती प्रथम टोचण्यात आली.